स्वस्तिकाखालचा जोड

प्रसेनजित,

तुला एकच गोष्ट कळायला हवी होती. ती चीर माझ्या पाण्याने पडली की तुझ्या आचेने. तीन वेळा विचारलंस मला, आणि तिसऱ्यांदा विचारलंस तेव्हा तुझ्या हातात सुया टोचलेल्या होत्या. वर्गात मी तुम्हाला बजावत असे की प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं, फाटे फोडायचे नाहीत. माझ्यावर वेळ आली तेव्हा मीच फाटे फोडले. त्याबद्दल पुढे बोलते. बाकीच्यांना तू कोण ते ठाऊक नाही, तेव्हा आधी त्यांना सांगू दे. मध्ये मध्ये "तसं नाही मॅडम" करू नकोस.

तर प्रसेनजित वडनेर भोलजीचा. खामगावच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायचे तेव्हा हा एसटीने यायचा, शर्टाचं गळ्याचं बटण लावून, खिशात पेन्सिल. पेन नाही, पेन्सिल. चुकलं तर खोडता येतं म्हणून. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला वडील गेले आणि त्याने कॉलेज सोडलं. मी चिडले होते, कारण डोकं चांगलं होतं. पुढे त्याने बॉयलर चालवायची परीक्षा दिली, प्रमाणपत्र मिळवलं, आणि योगायोग असा की माझ्याच भाच्याकडे कामाला लागला. भाचा म्हणजे उद्धव. नांदुऱ्याच्या रस्त्यावर त्याची सरकीच्या तेलाची गिरणी आहे आणि तिला जोडून पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, जाळून वीज करायचं लहानसं वीजघर.

मुळात हा भित्रा माणूस. घरातून निघताना गॅसचा खटका तीनदा पाहणारा, मोटरसायकल चाळीसच्या वर न नेणारा. बॉयलरवरचा मुकादम रामराव त्याला म्हणायचा, "प्रसन्या, तुह्या भेवानंच बॉयलर थंडा पडते बे." सगळे हसायचे, हाही हसायचा. पण बॉयलरवर भित्रा माणूस असणं ही चांगली गोष्ट आहे, हे मला फार उशिरा कळलं.

वाफेची मुख्य नळी बॉयलरपासून टर्बाइनपर्यंत जाते. आतली वाफ चारशे ऐंशी अंशांची. नळी साध्या लोखंडाची नसते, मिश्रधातूची असते, आणि तिचे जोड वेल्डिंग करून नुसते सोडून देता येत नाहीत. जोड पुन्हा सातशे अंशांपर्यंत तापवायचा आणि पांघरुणात गुंडाळून हळूहळू, तासातासाने निववायचा. म्हणजे वेल्डिंगच्या वेळी धातूत अडकून बसलेला ताण सैल होतो. चीर सापडली त्याच्या सहा वर्षं आधी, नवरात्रात, त्या नळीचा एक भाग बदलला, तेव्हा बाहेरून आलेल्या वेल्डरने हे सगळं नीट केलं. जोड खंडेनवमीच्या दुपारपर्यंत झाकून ठेवा असं सांगून तो आदल्या रात्री जेवायला गेला.

पूजा सकाळी दहाला होती. यंत्रं धुवायची, गंध-फूल वाहायचं, आणि घरातली मोठी म्हणून उद्धवने मला बोलावलं होतं. रामरावला ते काळपट पांघरूण पाहुण्यांपुढे बरं दिसेना. त्याने ते काढून बाजूला ठेवलं. मी तांब्या घेऊन पुढे झाले. चेहऱ्याला झळ लागत होती. हे मी लपवत नाही. झळ लागत होती आणि मी तीस वर्षं उष्णता शिकवलेली बाई होते.

"मॅडम, नका ओतू," मागून प्रसेनजित म्हणाला. "गरम हाये अजून."

चाळीस माणसांसमोर त्याने मला अडवलं याचा मला राग आला. त्याहून वाईट, मला वाटलं की हा बौद्ध घरातला, याला पूजेचंच वावडं आहे आणि तापमानाचं निमित्त काढतो आहे. असा विचार मी केला, आणि पाणी ओतलं. छन्न झालं, वाफेचा लोट उठला, कुणीतरी म्हणालं शुभ झालं. काचेचा कंदील असता तर तडकला असता. लोखंड तिथल्या तिथे तडकत नाही, मनात ठेवतं.

नंतर नळीवर उष्णता अडवणारं रॉकवूल गुंडाळलं, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा बसवला, आणि नेमक्या त्या जोडावरच्या पत्र्यावर रामरावने शेंदराने स्वस्तिक काढलं. दर दसऱ्याला ते नव्याने भरलं जायचं, वर हार, खाली नारळ. आता गंमत पाहा. वर्षातून एकदा बॉयलर बंद व्हायचा, तपासणीसाठी सगळ्या जोडांवरचे पत्रे निघायचे, आणि तेवढा एक निघायचा नाही. देवाची जागा म्हणून. कुणी ठरवलं नव्हतं. फक्त कुणी स्क्रू फिरवला नाही. त्या नळीवरचा सगळ्यात वाईट जोड सहा वर्षं कुणी डोळ्यांनी पाहिला नाही.

प्रसेनजितचं स्टूल त्या जोडापासून चार पावलांवर होतं. आठ तासांची पाळी.

तो माझ्या घरी आला ती सहाव्या वर्षीची, नागपंचमीनंतरची दुपार होती. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, पेला नीट पालथा घातला. मग तो पुन्हा सुलटा केला, पुन्हा पालथा.

"सरळ सांग," मी म्हटलं. "मला पाच वाजता बँकेत जायचंय."

"बँक चारले बंद होते मॅडम."

"मग तर लवकर सांग."

"मले भेव लागून राह्यलं," तो म्हणाला. "तुमी पानी ओतलं होतं ना, त्या जोडाचं. पंप बदलताना दोन मिनिटं आवाज थांबते, तवा एक शिट्टी आयकू येते. लय बारीक. रामरावले नाई येत, त्याचे कान गेले. मी बांबूले झाडू बांधला अन् पत्र्याच्या खालच्या सांध्यापाशी नेला. काड्या हालल्या. अन् शेंडे भुरे झाले."

इथे एक सांगायला हवं. आपल्याला दिसते ती पांढरी वाफ, म्हणजे निवायला लागलेली. चारशे ऐंशी अंशांची वाफ दिसतच नाही. हात घातला तर हात कापला जाईल आणि काय झालं ते कळायच्या आत होईल. म्हणून जुने लोक झाडू पुढे धरून चालतात. याने सहा दिवस रोज झाडू धरला होता. सहाही दिवस काड्या हलल्या.

"पऱ्हाटी टाकणाऱ्या बाया तिथंच जेवाले बसतात," तो म्हणाला. "सावली हाये अन् थंडीत ऊब. मी म्हनलं तिथं साप निंगाला. म्हनलं आता नाई बसनार."

"मग?"

"मंग काय. नागपंचमी आली. सगळ्या जनी दूध-लाह्या घेऊन तिथंच उभ्या. एक तं हात जोडून पत्र्याले डोकं टेकवाले गेली. मी वरडलो तं म्हने, काऊन बे, साप का तुह्या एकट्याचा हाये?"

मला हसू आलं. त्याला आलं नाही.

"व्हॉल्वची पॅकिंग गळत असेल," मी म्हटलं.

"उद्धव सायेबबी तेच म्हनतात. असनबी. पन मॅडम, आमच्या घरी पेटीत मेनबत्त्या ठेवेल राह्यतात, वंदनेच्या. मे महिन्यात पेटी उघडली का सगळ्या वाकेल. वितळत नाई एकबी. वात तशीच, रंग तसाच, पन वाकेल. लोखंडाचंबी तसंच होत असन ना? लाल नाई होत, वितळत नाई, पन इतके वर्स तापून तापून हळू हळू ताणल्या जात असन?"

बी.एस्सी. अर्धं सोडलेल्या माणसाने सरपटण, म्हणजे तापलेला धातू ताणाखाली हळूहळू लांबत जाणं, ही गोष्ट मला मेणबत्तीवर समजावून सांगितली. मी इतकी खूश झाले की लगेच शिकवायला लागले. धातूच्या कणांच्या कडांशी आधी सुईच्या टोकाएवढ्या पोकळ्या पडतात, त्या एकमेकींना मिळतात, मग चीर होते, आणि चीर एकदा चालू लागली की आत अडकलेला ताण तिला पुढे ढकलतो. आणि तापमान फार महत्त्वाचं, म्हटलं. ठरल्यापेक्षा वीस-पंचवीस अंश जास्त ठेवलं तरी नळीचं आयुष्य निम्म्याहून खाली येऊ शकतं.

त्याने मला तो आकडा पुन्हा म्हणायला लावला. मला वाटलं, समजून घेतोय.

"तुमी पत्रा काढाले सांगजा," जाताना म्हणाला. "तुमी म्हनलं तं निंगते. मी हात लावला तं गोष्ट दुसरीच होते."

ते खरं होतं. एकदा व्हॉल्वच्या चाकात अडकलेला वाळका हार त्याने काढून टाकला होता, तर महिनाभर बॉयलरवर कुणी त्याच्यासोबत चहा घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी गेले. उद्धव म्हणाला, "आत्या, दोन महिन्यांनी दसऱ्याला बंद करणारच आहोत. तेव्हा काढू पत्रा. आता विझवायचा, निववायचा, पुन्हा पेटवायचा, चार दिवसांचं काम आहे. आणि प्रसेनजितचं तुला माहीत नाही का? तो स्वतःच्या सावलीला भितो."

"झाडू पाहिलास?"

"पॅकिंग आहे ते."

मी वाद घालायला गेले नव्हते. मी लोखंडी जिना चढून वर गेले. रामरावची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि त्या स्वस्तिकाच्या बरोबर खाली मांडून बसले.

"विझव," मी उद्धवला म्हटलं. "तोवर मी इथे आहे."

धाडस वगैरे काही नव्हतं त्यात. बसल्या क्षणी मला कळलं की चूक झाली. डोक्यावर हातभर अंतरावर ती नळी. पायाखालची जाळी थरथरत होती आणि मला वाटत होतं की मीच थरथरते आहे. शिट्टी ऐकू येत नव्हती. ते जास्त वाईट होतं, कारण ती होती आणि मला ऐकू येत नव्हती. मानेवर घाम आला, तो सरकत खाली गेला, आणि प्रत्येक थेंबाला मला वाटलं, आली वाफ. उठावं असं शंभरदा वाटलं. भीतीने उठताच आलं नाही हे खरं कारण, बाकी मग लोकांनी काय काय जोडलं.

प्रसेनजित पलीकडे भिंतीला टेकून उभा होता. चेहरा राखेसारखा. मग तो हळूहळू आला, आपलं स्टूल उचललं, आणि माझ्या शेजारी ठेवून बसला. जी जागा तो इतके दिवस टाळत होता त्या जागेवर.

"तू जा," मी म्हटलं.

"तुमी एकट्या बसान तं सायेबाले वाटन म्हातारी हट्टाला पेटली," तो म्हणाला. "मी बसलो तं समजन का काहीतरी खरं हाये. मी का उगीच बसतो का इथं?"

त्याचे दात वाजत होते. त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि नुसती धरून ठेवली. खालून रामराव ओरडत होता, "प्रसन्या, बाईले खाली आण बे, काय पागलपना लावला." उद्धव जिन्यात उभा राहून प्रसेनजितकडे पाहत होता, माझ्याकडे नाही. अकरा मिनिटं गेली. मग त्याने खाली जाऊन पऱ्हाटी टाकणं थांबवायला सांगितलं.

दोन दिवस निवायला लागले. तिसऱ्या दिवशी पत्र्याला रामरावने आधी नमस्कार केला, मग मी स्क्रू काढले. प्रसेनजित मागे उभा राहिला, हात पाठीशी. जोड वरून काळा, गुळगुळीत, काहीच दिसेना. उद्धवने सुटकेचा निःश्वास टाकला. प्रसेनजितने मग चिंधीने त्याला डिझेल लावलं, थांबला, वरचं पुसून कोरडं केलं. मी घरून खडूची पेटी आणली होती. खडू कुटून पांढरी भुकटी आम्ही जोडावर चोळली आणि चिरेत शिरलेलं डिझेल तिच्यात ओल धरतंय का याची वाट पाहिली.

आधी एक ठिपका ओला झाला. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग त्या पांढऱ्यावर एक रेघ उमटत गेली, जणू आतून कुणी पेन्सिल ओढत आहे. जोडाच्या कडेकडेने, वीत आणि वर चार बोटं. जवळजवळ अर्धी नळी. एका जागी ती आरपार होती.

रामराव मटकन खाली बसला. "आमी इथं नारळ फोडत होतो," एवढंच म्हणाला. पुढे वर्षभर तो प्रसेनजितला प्रसन्या म्हणाला नाही. प्रसेनजितला त्याचंही भेव वाटायचं.

उद्धवने दिवाळीनंतर ती सगळी नळीच बदलली. चांगलं केलं. पण त्या आधी, जोड कापून काढला त्या दिवशी, प्रसेनजितने त्यातला चिरेभोवतीचा चार बोटं रुंद तुकडा मागून घेतला आणि वर्तमानपत्रात बांधून मला गाडीपाशी आणून दिला.

"हा नागपूरले पाठवा मॅडम. गार्गी ताई हाये ना तिथं, तुमची विद्यार्थिनी, धातूच्या प्रयोगशाळेत. दुर्बिणीत पाहून सांगतात म्हने, कायनं झालं ते."

"आता काय करायचंय? नळी तर बदलणार आहेत."

तो इकडेतिकडे पाहून म्हणाला, "दोन मे महिने काटा पाचशे दहावर जात होता. पऱ्हाटी लय वाळेल, आच आवरे ना. मी बुकात चारशे पंच्याऐंशी लिवलं. रामराव म्हने लिव, नाई तं वरून बोलनं खा लागन. तुमी त्या दिवशी म्हनलं ना, वीस-पंचवीस अंशात आयुष्य निम्मं होते." मग थांबला. "त्या बाया तिथं जेवत होत्या. माह्या आचेनं फुटलं असतं तं."

मला तेव्हा म्हणता आलं असतं की माझं पाणीही आहे रे. तीनशे-साडेतीनशे अंशांवरच्या जोडावर पाणी पडलं तर त्यात किती ताण उरतो यावर माझ्याकडची दोन पुस्तकं दोन गोष्टी सांगतात, पण उरतो हे दोन्ही सांगतात. मी म्हटलं, "बघू. पाठवते."

आता तुझ्याकडे वळते, प्रसेनजित.

मी तुकडा पाठवला नाही. आधी पाऊस होता, मग गुडघा, मग दिवाळी. गार्गीने दोनदा फोन केला, "मॅडम, पाठवताय ना?" म्हणून. ही सगळी कारणं खोटी आहेत. पाठवला असता तर कागदावर उत्तर आलं असतं. जोडातल्या पोकळ्या सगळीकडे सारख्या विखुरलेल्या असत्या तर तुझी आच. ताणाने एकाच कडेला फाडत नेलेलं असतं तर माझा तांब्या. आणि तो दुसरा कागद हातात धरायची मला भीती वाटली. खुर्चीत बसले होते त्याहून जास्त.

मार्चमध्ये तू विचारलंस, मी म्हटलं, जाईल या आठवड्यात. मग तुझी मूत्रपिंडं बिघडली. डॉक्टर एकदा म्हणाला वडनेरचं खारं पाणी, एकदा म्हणाला रक्तदाब, एकदा म्हणाला पाठदुखीच्या गोळ्या. तू मला म्हणालास, "पाहा मॅडम, याईलेबी सांगता येत नाई कायनं झालं." आणि हसलास. हात डायलिसिसच्या यंत्राला जोडलेला. तू यंत्राच्या नळ्यांकडे पाहत होतास, सांध्यांकडे, कुठे ओल दिसते का म्हणून. मला ते पाहवेना.

"तुकडा गेला का?" तू विचारलंस.

"गेला," मी म्हटलं. "उत्तर यायचंय."

"लागन टाइम," तू म्हणालास. "तिथं गर्दी असते." आणि मान उशीवर टाकलीस.

तीन आठवड्यांनी तू गेलास. जलदान विधीच्या दिवशी धम्मशीला मला दाराशी येऊन भेटली. डोळे कोरडे होते तिचे. म्हणाली, "नागपूरहून कागद येनार होता म्हने बाई. हे रोज विचारत होते, आला का. आला तं मले वाचून दाखवजा." मी हो म्हटलं. तुझ्या बायकोलाही हो म्हटलं, पाहा.

तुकडा माझ्या लोखंडी कपाटात खालच्या खणात आहे, तुझ्याच वर्तमानपत्रात, तुझ्याच सुतळीने बांधलेला. वर तू पेन्सिलीने बाण काढून लिहिलं आहेस, ही बाजू वर. आत चिरेच्या दोन्ही टोकांना खडूच्या खुणा केल्या असशील, तू करणारच. मी सुतळी सोडली नाही. कपाट झाडते तेव्हा उचलून पुसते आणि परत ठेवते, बाण वर करून.